एक कंदील कमी

धुळ्याच्या पेठेत लीलाधरशेठच्या दुकानात पितांबरने पहिला कंदील पेटवला, काच नीट बसवली आणि तो सरळ फरशीवर आडवा पाडला. फरशीवर त्याने आधीच पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, काड्या पसरल्या होत्या. निंबखेड्याहून निघतानाच त्या त्याने गोणपाटात बांधून घेतल्या होत्या.

"अहो नाना, दुकान जाळताय का?" लीलाधरशेठ गादीवरून उठलाच.

पितांबरचं लक्ष नव्हतं. तो उकिडवा बसून बघत होता. टाकीच्या झाकणातून घासलेट झिरपलं, काड्या भिजल्या आणि ज्योत भसकन काचेबाहेर आली. त्याने गोणपाट टाकून ती विझवली.

"हा नको. दुसरा दाखवा."

दुसऱ्याची काच तडकली. तिसरा विझला, पण विझेपर्यंत चांगलं वाटीभर तेल सांडून बसला. लीलाधरशेठच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या. गिऱ्हाईक जुनं, पाटलाच्या घरचं, म्हणून तो गप्प होता. शेवटी त्याने माळ्यावरून गवतात गुंडाळलेला एक कंदील काढला.

"हा लढाईच्या आधीचा माल. जर्मनीचा. आता येत नाही."

पितांबरने तो पेटवून पाडला. ज्योत एकदा लांबली, निळी झाली आणि विझली. काडीला तेलाचा थेंबही लागला नाही. त्याने तोच कंदील आणखी तीनदा पाडून पाहिला.

"असे किती आहेत?"

"पंचवीस-तीस निघतील. पण माझं ऐका, त्याऐवजी एक मोठी गॅसबत्ती न्या. मधोमध टांगा. सगळा माळ दिवसासारखा होईल. कोणी साहेब आला तर बघत राहील."

"साहेबासाठी नको," पितांबर म्हणाला. "पंचवीस द्या. सगळे पाडून बघणार आहे."

"एवढं बघून घेणारे तुम्ही पहिलेच," कंदील पुसता पुसता शेठ म्हणाला. "मागे काही झालं होतं का?"

"नाही," पितांबर म्हणाला.

एकोणीसशे सतरा सालच्या दिवाळीनंतरची ही गोष्ट. निंबखेड्यात उंदीर पडायला लागले होते. पहिला उंदीर मारुतीच्या पाराखाली सापडला, दुसरा पाटलांच्या कोठारात. आठ दिवसांत दोन माणसं काखेत गाठ येऊन गेली. मग नेहमीसारखं ठरलं, गाव सोडायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. ज्यांना दुसऱ्या गावी कोणी होतं ते तिकडे गेले. राहिलेल्या चोवीस घरांच्या चोवीस झोपड्या पडल्या. पऱ्हाटीचे कूड, वर कडब्याचं छप्पर. त्या दिवसांत खानदेशात प्लेगचा माळ म्हणजे हेच.

पितांबरचा थोरला भाऊ अभिमन गावचा पाटील. त्याने पाण्याचं काम एकाकडे दिलं, टोचणीवाल्या डॉक्टरची सोय दुसऱ्याकडे, आणि दिव्यांचं पितांबरकडे.

"मागच्या खेपेला तूच केलं होतंस," अभिमन म्हणाला. "तुला सगळं ठाऊक आहे."

मागची खेप म्हणजे अकरा साल. पितांबर मान खाली घालून ऐकत राहिला आणि दुसऱ्या दिवशी बैलगाडी जोडून धुळ्याला निघाला.

माळ निवडतानाही त्याने एक गोष्ट अडून धरली. अकरा साली वस्ती नाल्याच्या पलीकडच्या पडीक रानात होती. ती जागा उंच होती, विहीर जवळ होती. सगळे म्हणत होते, तिथंच जाऊ. पितांबर म्हणाला, नाही, नाल्याच्या अलीकडे. कारण विचारलं तर त्याने विहिरीचं पाणी खारट झालंय म्हणून सांगितलं. विहिरीचं पाणी होतं तसंच होतं. पण कोणी वाद घातला नाही. नाल्यापलीकडे राहायला कोणाचंच मन नव्हतं, कोणी तसं बोलून दाखवलं नाही इतकंच.

कंदिलांचे नियम त्याने स्वतः घातले. झोपडीत चिमणी लावायची नाही. टिनाची ती उघड्या ज्योतीची चिमणी दिसली की तो स्वतःच्या हाताने दगडाने ठेचायचा. घासलेटचा डबा झोपड्यांपासून पन्नास पावलांवर, दगडांच्या आळ्यात. रोज सकाळी सगळे कंदील तिथं परत यायचे. दिवसभर तो आणि सुपडू जागल्या काचा राखेने घासायचे, वाती कातरायचे, तेल भरायचे. दिवेलागणीला प्रत्येक घरची एक बाई यायची. जुन्या दाराची एक फळी दोन दगडांवर आडवी टाकली होती, तिच्यामागे पितांबर उभा राहायचा, एकेक कंदील पेटवून हातात द्यायचा. चोवीस झोपड्यांना चोवीस. पंचविसावा त्याचा, रात्री वस्तीभोवती फेरी मारायला.

पहिले दोन दिवस सुरळीत गेले.

तिसऱ्या दिवशी रांगेत शेवटी भिकुबाई होती. ती फळीपाशी आली तेव्हा फळीवर फक्त पितांबरचा स्वतःचा कंदील उरला होता.

"नाना, मना कंदील कोठे शे?"

पितांबरने इकडे तिकडे पाहिलं. कोणाला चुकून दोन दिले असतील असं वाटून त्याने आपला कंदील तिला दिला आणि त्या रात्रीची फेरी अंधारातच मारली. सकाळी सुपडूने मोजले तर पंचवीसच्या पंचवीस परत आलेले.

चौथ्या दिवशी पुन्हा तेच. पुन्हा भिकुबाई हात पसरून उभी.

"नाना, माले इसरी गयात का?" ती हसून म्हणाली.

पितांबरला हसू आलं नाही. पाचव्या दिवशी त्याने सुपडूला रांगेच्या कडेला उभं केलं. सुपडू साठीचा माणूस, गावाच्या वेशीवर उभा जन्म गेलेला. नजर पक्की. एकेक बाई पुढे सरकली की तो एकेक खडा टाकत होता. रांग संपली तेव्हा भिकुबाई रिकाम्या हाताने उभी होती आणि सुपडूच्या पुढ्यात चोवीस खडे होते.

"मी मोजी लिन्हं नाना. बठ्ठ्या चोवीसच व्हत्यात. भिकुबाई धरीसन."

"मी चोवीस दिले. भिकुबाईला सोडून."

 सुपडूने खडे पुन्हा मोजले. मग खाली बघत म्हणाला, "उद्या मी नही मोजणार."

सहाव्या दिवशी पितांबरने ठरवलं, कंदील देताना प्रत्येकीच्या तोंडाकडे बघायचं आणि मोठ्याने नाव घ्यायचं. तसं त्याने सुरूही केलं. कुंदाबाई. लताबाई. पुनाची बायको. बाया पदराआड हसत होत्या, नानांना आज काय झालंय म्हणून. वारा पडलेला होता, धूर खालीच रेंगाळत होता. पंधरा-सोळा कंदील गेले असतील. त्याने पुढचा पेटवला, कडी पुढे केली, आणि एका हाताने ती धरली.

त्या हाताचा अंगठा आखूड होता. वरचं पेर नव्हतंच, नखाच्या जागी गोल गुळगुळीत कातडी.

पितांबरला मान वर करायची होती. ती झाली नाही. नाव घ्यायचं होतं, तेही आलं नाही. कडी त्याच्या बोटांतून हलकेच सुटली. ओढली नाही, हिसकली नाही. घेणाऱ्याने नीट घेतली. मग पुढची बाई म्हणाली, "नाना, माझा?" तेव्हा कुठे त्याने वर पाहिलं. पुढे पुनाची चुलती उभी होती. झोपड्यांकडे जाणाऱ्या वाटेवर पाठमोऱ्या बाया आपापल्या कंदिलासह चालल्या होत्या, आणि त्यांतली कोणती कोण ते त्या उजेडात ओळखू येत नव्हतं.

तो अंगठा त्याने एकदाच जवळून पाहिला होता. अकरा साली, नाल्यापलीकडच्या वस्तीत.

तेव्हा तालुक्याचे एक साहेब वस्ती पाहायला यायचे होते. पितांबर चौतिशीचा होता, आणि साहेबांनी आपलं नाव लक्षात ठेवावं अशी त्याला फार हौस होती. गावात मिळून नऊ कंदील होते. ते सगळे त्याने गोळा केले. सहा वस्तीच्या वाटेवर दोन्ही बाजूंना बांबूवर टांगले, तीन साहेबांच्या तंबूला. झोपड्यांतून चिमण्या. दुपारी तो बांबू रोवत असताना मंजुळाबाई आली. विधवा बाई, पन्नाशीची. तिची लेक वच्छला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि प्लेगमुळे तिचं बाळंतपण माळावरच्या झोपडीत झालं होतं. मुलगी झाली होती, आठ दिवसांची.

मंजुळाबाईने बांबूला हात लावला. लहानपणी विळ्याने तुटलेला तो अंगठा त्याच्या डोळ्यांसमोर होता.

"नाना, एक कंदील द्या. पोर बाळंतीण शे, रातभर उजेड लागस. चिमणीना धाक लागस माले."

"सकाय देसू," तो म्हणाला होता. "आज साहेब येतीन."

"बरं नाना. सकाय." ती म्हणाली आणि गेली. रागावली नाही, पुन्हा विचारलंही नाही.

त्या संध्याकाळी साहेब वाटेवरच्या दिव्यांकडे बघून खरंच खूश झाले. त्याच वेळी मंजुळाबाईची झोपडी पेटली. ती पाणी आणायला विहिरीवर गेली होती. हंडा टाकून धावत आली, लोकांनी धरलं, ती हातातून सुटून आत गेली. पऱ्हाटी पेटली की किती वेळ लागतो? तिघी गेल्या. वच्छला, तिची आई आणि नाव न ठेवलेली ती पोर.

पुढे गावात बोललं जाऊ लागलं की म्हातारीनेच धांदरटपणाने चिमणी उंबऱ्यात ठेवली आणि जाताना लाथेने उलटवली. हे पहिल्यांदा कोण बोललं ते सांगता येत नाही. पण पितांबरने ऐकलं, आणि तो काही बोलला नाही. ती कंदील मागायला आली होती हे त्याने भावाला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. सहा वर्षं.

सातव्या दिवशी, उजाडायच्या आधी, सुपडूने त्याला हलवून उठवलं.

"नाना, तठे देखा."

नाल्यापलीकडे, पडीक रानात, एक उजेड होता. जमिनीलगत, बारीक, न हलणारा.

"कवापासून आहे?"

"तीन-चार रात झाल्यात. मी सांगं नही." सुपडूने घोंगडी गळ्याशी आवळली. "तठे कोन्ही ऱ्हास नही नाना."

पितांबर एकटाच निघाला. नाला कोरडा होता. पलीकडच्या काठावर चढला तेव्हा पूर्वेला फटफटायला लागलं होतं. त्या रानात सहा वर्षांत बाभळी उगवल्या होत्या, पण एका तुकड्यावर गवतही नव्हतं. तिथं मधोमध कंदील ठेवलेला होता. धुळ्याहून आणलेला, लढाईच्या आधीचा. त्याच्या बुडाखाली एक सपाट दगड ठेवला होता, डुगडुगू नये म्हणून.

पितांबर गुडघ्यावर बसला. वात अगदी खाली उतरवलेली होती. मोत्याएवढी ज्योत. झोपलेल्या मुलाच्या डोळ्यांवर येऊ नये आणि रात्री चाहूल घ्यायला पुरावा, एवढाच उजेड. तान्ही पोर असलेल्या घरात वात अशीच ठेवतात. त्याच्या स्वतःच्या घरी चार मुलांच्या वेळी तशीच ठेवलेली त्याने पाहिली होती.

तिथं दुसरं काही नव्हतं. पावलं नव्हती, वास नव्हता. पण आपण कोणाच्या तरी घरात न विचारता शिरलो आहोत आणि घरातली माणसं आपण जायची वाट बघत गप्प बसली आहेत, असं त्याला इतकं स्पष्ट वाटलं की तो मागे सरत सरत त्या तुकड्याच्या बाहेर आला. कंदिलाला त्याने हात लावला नाही. सूर्य वर आल्यावर सुपडूने फळीवर मोजले तेव्हा तो पंचविसांत होता.

त्या दिवशी दुपारी तो वनाच्या शेतात गेला.

वना मंजुळाबाईचा मुलगा, वच्छलाचा थोरला भाऊ. आग लागली त्या दिवशी तो भाड्याने गाडी हाकायला पारोळ्याला गेला होता. आता तिशीला आला होता. बायको कुंदाबाई, तीन वर्षांचा मुलगा, चौदाव्या झोपडीत राहत होते. कापसाची दुसरी वेचणी चालली होती. वना कमरेला ओटी बांधून बोंडं काढत पुढे सरकत होता, पितांबर बांधावर उभा राहिला.

"या नाना. आज इकडे?"

"वना, थोडं थांब. एक सांगायचं आहे."

वना थांबला नाही. काम करता करता ऐकू लागला. पितांबरने सांगायला सुरुवात केली. बांबू, दुपार, मंजुळाबाई काय म्हणाली, आपण काय म्हणालो. वनाचे हात चालूच होते. मग ते मंद झाले. मग एक बोंड अर्धं काढलेलं तसंच बोटांत राहिलं.

"ती चिमणीना धाक लागस म्हणे व्हती?" वनाने विचारलं.

"हो."

"आनी कंदील मांगा तिनी?"

"मागितला. मी दिला नाही."

वना खाली बसला. ओटीतला कापूस मांडीवर सांडला.

"हाई तुम्ही माले आते सांगतस?" त्याचा आवाज चढला नव्हता. "सहा वरीस मी मायनं नाव तोंडमा लिन्हं नही. पाव्हणा आमना दारशी इना नही. तो म्हणस, तुनी मायनी मनी बायको जाळी, मनी पोर जाळी. मी मान खाले घाली ऐकी लिन्हं. माले वाटे, खरंच व्हई. मी तिना घास काढाले बसू ते हात पुढे जाये नही, इतका राग ये तिना." त्याने मांडीवरचा कापूस मुठीत धरला. "पितरपाटाना दिन मी म्हनू, माय, तू असं कसं करं?"

पितांबरला वाटलं होतं की वना मारेल. तो मारता तर बरं झालं असतं. त्याने कंदिलाचं सांगितलं, रांगेतल्या हाताचं, नाल्यापलीकडच्या बारीक केलेल्या वातीचं. वना ऐकत होता की नाही कळत नव्हतं. शेवटी त्याने डोळे पुसले, त्याच हाताने, कापसाचा तंतू गालाला चिकटला.

"मालेच कसाले? बठ्ठासले सांगा."

"सांगतो."

"आज. दिवा लावाना येळले. बठ्ठा ऱ्हातीन."

संध्याकाळी पितांबरने फळीपुढे सगळ्यांना बोलावलं. पुरुषही आले. अभिमनला वाटलं, टोचणीबद्दल काही असेल. एकही कंदील पेटवायच्या आधी पितांबर बोलला. लांबवलं नाही. मंजुळाबाईने कंदील मागितला होता, मी साहेबांच्या वाटेवर टांगायला ठेवून घेतला, तिला उद्या ये म्हटलं. तिने चिमणी उलटवली असं तुम्ही म्हणत आलात, मला ठाऊक होतं की तिला त्या चिमणीचीच भीती वाटत होती, आणि मी गप्प बसलो.

 एक पोर रडायला लागलं, त्याच्या आईने त्याला पदराखाली घेतलं. अभिमन पुढे झाला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "झालं गेलं कशाला उकरतोस? पाटलाच्या घराची शोभा होईल याने."

"होऊ दे," पितांबर म्हणाला.

मग भिकुबाई खाली बसली. तिने दोन्ही हात तोंडावर घेतले. "मी बोलनू व्हतू," ती म्हणाली. "विहिरवर मीच पयले बोलनू, की म्हातारी धांदरट. माले काय माहीत व्हतं?" तिच्याजवळ कोणी गेलं नाही आणि तिला कोणी काही म्हटलंही नाही.

रांग लागेना. बाया फळीपाशी यायला तयार नव्हत्या. कोणाला पितांबरच्या हातून घ्यायचं नव्हतं, कोणाला रांगेचीच भीती वाटत होती. आपल्या पुढे कोण उभी असेल, मागे कोण. अंधार उतरत होता. तेव्हा वना गर्दीतून आला, पितांबरला बाजूला व्हा म्हणून हातानेच खूण केली आणि फळीमागे उभा राहिला. त्याने पहिला कंदील पेटवला. कुंदाबाई पुढे आली. तिच्यामागे बाकीच्या आल्या.

पितांबर घासलेटच्या डब्यापाशी जाऊन बसला. तिथून त्याला वनाचं फक्त तोंड दिसत होतं, प्रत्येक कंदिलाबरोबर उजळणारं आणि मावळणारं. रांग अर्ध्याहून जास्त सरली. वनाने एक कंदील पेटवला, पुढे धरला, आणि त्याचं तोंड उजळलं ते तसंच राहिलं. त्याने मान खाली घातली नाही. बराच वेळ तो समोर बघत होता. रांगेतल्या बाया पुढे सांगत की त्यांना त्या वेळी काही दिसलं नाही, फक्त रांग थांबली आणि थंडी वाजली.

वनाने काचेमागची कळ दाबून काच नीट बसली आहे ना ते पाहिलं. वात थोडी खाली केली.

"माय, संभाळीसन जाय," तो म्हणाला.

आणि त्याचा हात रिकामा झाला.

शेवटी भिकुबाई आली. तिच्यासाठी पितांबरचा कंदील होता. तो वस्ती उठेपर्यंत असाच रोज तिच्याकडे जात राहिला, आणि पितांबर अंधारात फेऱ्या मारत राहिला. नाल्याच्या काठाने जाताना पलीकडचा उजेड दिसे. त्याची भीती काही त्याला सुटली नाही. उलट वाढली. पूर्वी वाटायचं की कोणी बदला घ्यायला येतंय. बदला घेणाऱ्याची भीती माणसाला समजते. इथं एक बाई रोज संध्याकाळी येऊन रांगेत उभी राहत होती, आपली पाळी येईपर्यंत थांबत होती, आणि घेऊन जात होती, एवढंच. तिला त्याच्याकडून दुसरं काही नको होतं. त्याला ओरडायचं असे की मला काहीतरी बोल. तिने कधी मान वळवली नाही.

वनाने दिव्यांचं काम शेवटपर्यंत केलं. पितांबरशी तो कामापुरतं बोले. तेल भरा, काच पुसा. पितांबर सांगेल ते करी.

माघात नवा उंदीर पडल्याचं ऐकू येईनासं झालं. घरं सारवून, चुना मारून, धुरी देऊन लोक गावात परतले. झोपड्या मोडल्या, पऱ्हाटी सरपणाला वाटून घेतली. सुपडू पुढे कित्येक दिवस सांगायचा की वेशीवरून नाल्यापलीकडे कधी कधी उजेड दिसतो. कोणी म्हणे दिसतो, कोणी म्हणे म्हाताऱ्याचे डोळे गेले. पितांबरने ते बघायला जायचं टाळलं.

गावात परतल्यावर पाचव्या दिवशी सकाळी वना त्याच्या दारात आला. पायात नव्या वहाणा, खांद्यावर भाकरीचं फडकं.

"चला," तो म्हणाला.

"कुठं?"

"पाव्हणाकडे. मनी बोलीवर तो इसवास ठेवणार नही. तुमना तोंडे सांगा."

वच्छलाचा नवरा तोताराम पारोळ्याच्या पलीकडे राहत होता. ते दिवसभर चालले. वना पुढे, पितांबर वीस पावलं मागे. दुपारी एका आंब्याखाली वनाने फडकं सोडलं, अर्धी भाकर काढून त्याच्यापुढे ठेवली आणि दुसरीकडे तोंड करून जेवला.

तोतारामने दुसरं लग्न केलं होतं. अंगणात दोन मुलं खेळत होती. वनाला बघून तो उठला नाही. "कसाले उनास?" एवढंच म्हणाला. वनाने पितांबरकडे बोट दाखवलं.

पितांबरने तिसऱ्यांदा ते सगळं सांगितलं. पहिल्या दोन वेळांपेक्षा सोपं गेलं नाही. तोताराम खाटेच्या कडेला बसून दोरीचा पीळ काढत आणि घालत होता.  त्याच्या बायकोने पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि ती आत गेली.

"एक सांगा," शेवटी तो म्हणाला. "साहेब दुसरे दिनबी ऱ्हाता, तं तुम्ही कंदील देता का?"

पितांबरने खरंच विचार केला. त्याला ते बांबू आठवले, ओळीने टांगलेले ते सहा दिवे, आणि ते बघून साहेबांनी त्याच्या पाठीवर ठेवलेला हात.

"नही," तो म्हणाला. "नही देता."

तोतारामने मान हलवली. मग तो उठला, तांब्या उचलून वनापुढे धरला आणि म्हणाला, "पानी पी. लांबना इना तू." वनाने तांब्या घेतला. पाणी पिताना तो रडत होता, पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर सांडत होतं, आणि तोताराम त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा होता.

पितांबरला कोणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. तो अंगणाच्या कडेला उभा राहिला. दिवस मावळायला लागला तसा तो एकटाच परत निघाला.